देशी पोनीची पाठ आणि तिला बसणारे खोगीर : प्रस्तावना

खोगिराला एकाच वेळी दोन शरीरांना बसावे लागते. वरच्या बाजूने त्याने स्वाराची बैठक आणि तोल सांभाळायचा असतो, तर खालच्या बाजूने स्वाराचे सगळे वजन घोड्याच्या पाठीवर अशा रीतीने पसरवायचे असते की मणक्यांवर भार येऊ नये, खांद्यांची हालचाल अडू नये आणि कोणत्याही एका जागी दाब साचू नये. यांपैकी पहिल्या कामात उणीव राहिली तर स्वार ती बोलून दाखवतो. दुसऱ्या कामातली उणीव घोड्याला सांगता येत नाही, आणि त्यामुळे खोगिराची पारख दीर्घकाळ प्रामुख्याने स्वाराच्या सोयीवरून होत आली. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या दुसऱ्या, मुक्या बाजूशी निगडित आहे. ब्रिटनच्या डोंगराळ आणि माळरानी प्रदेशांत घडलेल्या देशी पोनी जातींच्या रुंद, गोल आणि बुटक्या अंगलटीला योग्य खोगीर कसे शोधावे, ते नीट बसले आहे की नाही हे कशावरून ओळखावे आणि बसलेले खोगीर पुढेही बसते राहावे म्हणून काय करावे, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

‘पोनी’ ही संज्ञा येथे कोणत्याही लहान घोड्यासाठी सैलपणे वापरलेली नाही. घोड्याची उंची जमिनीपासून त्याच्या विदर्सपर्यंत, म्हणजे मान जेथे पाठीला मिळते तेथे दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये असलेल्या उंचवट्यापर्यंत, मोजली जाते, आणि इंग्रजी परंपरेत ती ‘हँड’ या चार इंचांच्या एककात सांगतात. 14 हँड 2 इंच, म्हणजे सुमारे 148 सेंटिमीटर, किंवा त्याहून कमी उंचीच्या प्रौढ घोड्याला सामान्यतः पोनी म्हटले जाते. ब्रिटनमधील देशी जातींत स्कॉटलंडच्या बाजूचे शेटलंड, एरिस्के आणि हायलंड, उत्तर इंग्लंडच्या डोंगरांतील फेल आणि डेल्स, नैऋत्येकडील एक्समूर आणि डार्टमूर, दक्षिणेकडील न्यू फॉरेस्ट आणि चार विभागांत नोंदले जाणारे वेल्श पोनी व कॉब यांचा समावेश होतो. आयर्लंडच्या पश्चिम भागातील कॉनेमाराही प्रदर्शनांत याच गटात धरला जातो. शेटलंडची कमाल उंची 42 इंच, म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर, तर हायलंडची 148 सेंटिमीटरपर्यंत जाते, यावरून हा गट एकजिनसी नाही हे उघड आहे. तरीही उंचीतला हा फरक बाजूला ठेवला तर या जातींच्या शरीररचनेत काही समान धागे दिसतात, आणि खोगिराचा प्रश्न नेमका त्या धाग्यांतून उभा राहतो.

ही शरीरे थंड वारा, ओली जमीन आणि निकृष्ट चारा यांच्याशी शतकानुशतके जुळवून घेत तयार झाली आहेत. उष्णता टिकवण्यासाठी आखूड पाय व भरीव धड, भरपूर पण कमी पोषक चारा पचवण्यासाठी मोठे पोट आणि ते पोट सामावणारी गोलाकार, बाहेर फुगलेली बरगड्यांची कमान, चढउतारांवर स्थिर राहण्यासाठी रुंद छाती व ताकदवान पुठ्ठे, अशी ही ठेवण आहे. डेल्स पोनींच्या पूर्वजांनी उत्तर पेनाइन पर्वतराजीतील खाणींचे शिसे पाठीवरून बंदरांकडे वाहिले, फेल पोनींनी लोकरीचे गठ्ठे डोंगरवाटांनी नेले, आणि स्कॉटलंडच्या उतारांवर शिकार झालेले हरीण खास बनावटीच्या खोगिरावर लादून खाली आणण्याचे काम हायलंड पोनी आजही करतात. माणसे वाहून नेण्याची त्यांची क्षमताही मोठी आहे. राणी दुसरी एलिझाबेथ वयाच्या नव्वदीतही फेल पोनीवर रपेट करत असत. तेव्हा या पाठी दुबळ्या किंवा सदोष आहेत म्हणून त्यांना खोगीर बसत नाही, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

अडचण उद्भवते ती खोगिराच्या बाजूने. आजचे इंग्रजी पद्धतीचे खोगीर ज्या परंपरेतून आले, तिच्यापुढे प्रामुख्याने शिकारीचा आणि शर्यतीच्या रक्ताचा उंच घोडा होता. अशा घोड्याचा विदर्स ठळकपणे वर आलेला असतो, खांद्यामागची पाठ दोन्ही बाजूंना उतरत्या छपरासारखी निमुळती असते, आणि धड लांब असल्याने खोगिराला जागा पुरेशी मिळते. इंग्लंडच्या वॉलसॉल या शहरात एकोणिसाव्या शतकापासून खोगिरांचा जो मोठा उद्योग उभा राहिला आणि ज्याच्यामुळे तेथील फुटबॉल संघालाही खोगीर बनवणाऱ्यांचे नाव मिळाले, त्याच्या मालात पोनींची खोगिरे होतीच. पण अनेकदा ती मोठ्या घोड्याच्या खोगिराचीच लहान आवृत्ती असत. लहान घोडा म्हणजे मोठ्या घोड्याची लहान प्रत, हे त्यामागचे गृहीतक देशी पोनीच्या बाबतीत चुकते, कारण 128 सेंटिमीटर उंचीच्या एक्समूरची पाठ 165 सेंटिमीटर उंचीच्या शर्यतीच्या घोड्यापेक्षा आखूड असली, तरी खांद्यामागे ती त्याच्याहून रुंद असू शकते. ज्या पोनीला ‘बसवायला कठीण’ म्हटले जाते, तो पुष्कळदा केवळ चुकीच्या नमुन्याशी ताडून पाहिलेला पोनी असतो, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन समजण्यासाठी खोगिराची रचना डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. कातड्याच्या आत एक ताठ सांगाडा असतो, त्याला ‘ट्री’ म्हणतात; तो परंपरेने बीच लाकडाच्या पातळ थरांचा आणि पोलादी पट्ट्यांनी बळकट केलेला असे, तर आज कृत्रिम द्रव्यांचे सांगाडेही सर्रास वापरले जातात. सांगाड्याच्या पुढच्या बाजूला विदर्सवरून जाणारी कमान असते आणि तिची दोन टोके खांद्यांच्या मागे दोन्ही बाजूंना खाली उतरतात. मागच्या बाजूला स्वाराच्या कमरेमागचा उंच कठडा असतो, आणि या दोहोंना जोडणाऱ्या दोन लांब पट्ट्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जातात. सांगाड्याच्या खाली दोन गाद्या असतात, ज्यांत लोकर, कृत्रिम तंतू, फोम किंवा हवा भरलेली असते, आणि दोन गाद्यांमध्ये मणक्यांच्या टोकांना मोकळीक देणारी पन्हळ असते. ती पुढून मागेपर्यंत सुमारे तीन बोटे तरी रुंद असावी लागते. या सगळ्याला पोनीच्या अंगाशी धरून ठेवणारा पट्टा म्हणजे तंग. गादी भरून, काढून किंवा हलवून काही प्रमाणात बदलता येते. सांगाड्याचा आकार मात्र मूळचाच जुळावा लागतो, आणि त्यामुळे शोधाची सुरुवात कातड्याच्या दर्जापासून किंवा बैठकीच्या मऊपणापासून न करता सांगाड्यापासून करावी लागते.

सांगाड्याची रुंदी आणि सांगाड्याचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत हे चुकीच्या खरेदीचे सर्वांत मोठे कारण आहे. बाजारात ‘नॅरो’, ‘मीडियम’, ‘वाइड’, ‘एक्स्ट्रा वाइड’ अशी मापे लिहिलेली असतात, पण ती सर्व उत्पादकांत समान नाहीत, त्यामुळे एका कारखान्याचे ‘वाइड’ दुसऱ्याच्या ‘मीडियम’इतके निघू शकते. त्याहून महत्त्वाचे असे की, उंच विदर्सच्या घोड्यासाठी केलेली कमान वर अरुंद आणि खाली पसरत जाणारी असते, आणि तीच कितीही रुंद केली तरी सपाट, गोल पाठीच्या पोनीवर तिची टोके खाली अंगात रुततात किंवा वरचा भाग दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो. अशा पाठीला वरूनच रुंद असलेली, नालेच्या आकाराची कमान लागते. तशा सांगाड्यांना इंग्रजीत ‘हूप ट्री’ म्हणतात आणि कॉबसारख्या जाड अंगाच्या घोड्यांसाठीही ते वापरतात. फार अरुंद सांगाडा पुढून उचलला जातो, मागे झुकतो आणि स्वाराचे वजन कठड्याकडे ढकलतो. फार रुंद सांगाडा पुढे खचतो आणि विदर्सवर टेकतो. दोन्ही दोष डोळ्यांना दिसतात, पण योग्य रुंदीच्या चुकीच्या आकाराचा दोष हात घालून चाचपल्याशिवाय कळत नाही.

रुंदीनंतर लांबीचा विचार करावा लागतो. घोड्याच्या छातीच्या भागात साधारणपणे 18 मणके आणि बरगड्यांच्या 18 जोड्या असतात, आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या पुढेच थांबला पाहिजे, कारण त्यामागे कमरेच्या मणक्यांना बरगड्यांचा आधार नसतो. पुढच्या बाजूने खांद्याच्या पात्याला मागे सरकण्यासाठी जागा सोडावी लागते. आखूड पाठीच्या पोनीवर या दोन मर्यादांमध्ये उरणारी जागा थोडी असते, आणि देशी पोनीवर प्रौढ माणसे बसतात, हे लक्षात घेता स्वाराला लागणारी बैठक आणि पोनीला परवडणारी लांबी यांचा मेळ बसवणे हे सर्वांत नाजूक काम ठरते. गादीचा मागचा भाग वर वळवलेला ठेवून आणि बैठकीचा आराखडा बदलून कारागीर थोडी सवलत मिळवू शकतो, परंतु एका मर्यादेनंतर तो स्वार त्या पोनीसाठी मोठा आहे, हे मान्य करावे लागते. वजनाच्या बाबतीतही हेच खरे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांनी आपल्या वजनाच्या 25 आणि 30 टक्के भार वाहिल्यावर त्यांच्या स्नायूंचा दुखरेपणा आणि ताण 15 व 20 टक्क्यांच्या तुलनेत वाढलेला आढळला. हा हिशेब करताना पोनीचे निरोगी वजन धरले पाहिजे, कारण अंगावर साठलेली चरबी भार उचलण्यास मदत करत नाही. ती स्वतःच भार असते. निरोगी अवस्थेत 350 किलो भरणाऱ्या पोनीच्या बाबतीत 20 टक्के म्हणजे खोगीर आणि कपड्यांसह 70 किलो होतात.

देशी पोनींच्या मालकांची सर्वांत सार्वत्रिक तक्रार मात्र खोगीर पुढे सरकण्याची असते, आणि तिचे मूळ पुष्कळदा खोगिरात नसून तंगात असते. तंग आवळला की तो छातीच्या घेरातल्या सर्वांत अरुंद जागी स्थिरावतो. लांब धडाच्या घोड्यात ही जागा कोपराच्या मागे पुरेशा अंतरावर असते. फुगीर बरगड्यांच्या पोनीत मात्र पोटाचा घेर मागे झपाट्याने वाढत जातो आणि अरुंद जागा कोपराला जवळजवळ लागून असते. उभ्या पोनीवर खोगीर योग्य ठिकाणी ठेवले तरी तंगाचे पट्टे तिरपे पुढे ओढले जातात, आणि काही पावले चालल्यावर तंग आपल्या जागी सरळ होताना खोगिराला सोबत घेऊन खांद्यावर चढवतो. पुढचा पाय पुढे पडताना खांद्याच्या पात्याचा वरचा भाग मागे फिरतो, हे पोनीच्या खांद्याला तळहात टेकवून त्याला हळू चालवल्यास प्रत्यक्ष जाणवते; खोगीर पुढे आलेले असेल तर हे पाते दर पावलाला सांगाड्याच्या टोकावर आदळते, पाऊल आखडते आणि उतारावर पोनी अनिच्छेने चालू लागतो. यावर उपाय म्हणून पट्टे वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतात: एक पट्टा सांगाड्याच्या पुढच्या टोकाला आणि दुसरा बराच मागे जोडल्यास ओढ दोन दिशांत विभागली जाते. मध्ये पुढे वळलेला, कोपराला मोकळीक देणारा घडीव तंगही पुष्कळ पोनींना मानवतो. उतारावरच्या कामासाठी शेपटीखालून जाणारी दुमची हा जुना आणि आजही उपयोगी उपाय आहे, विशेषतः शेटलंडसारख्या जवळजवळ विदर्स नसलेल्या पोनीसाठी. मात्र मुळातच न बसणारे खोगीर दुमचीने बांधून ठेवणे म्हणजे तोच दाब शेपटीच्या बुडाशी नेणे होय.

खोगीर आडवे फिरण्याची तक्रारही याच शरीरठेवणीतून येते. विदर्स ठळक नसल्यामुळे खोगिराला बाजूला घसरण्यापासून अडवणारे नैसर्गिक काही उरत नाही, म्हणून स्वार तंग अधिकाधिक आवळतो, आणि आवळलेल्या तंगाने छातीची हालचाल व श्वास अडू लागल्यावर पोनी तंग बांधताना कान मागे टाकू लागतो किंवा चावायला येतो. याला पोनीचा स्वभाव समजणे अन्यायाचे आहे. रुंद आणि सपाट टेकणाऱ्या गाद्या, योग्य आकाराचा सांगाडा आणि रिकिबीत पाय टाकून जमिनीवरून चढण्याऐवजी चौथऱ्यावरून चढण्याची सवय, यांनी तंग बेताने आवळूनही खोगीर स्थिर राहू शकते. खोगिराखाली जाड नमदा किंवा फोमची घडी घालण्याचा सोपा उपाय बहुतेक वेळा उलटतो, कारण घट्ट बुटात जाड मोजा घातल्याने बूट सैल होत नाही. शिवाय जाड थरामुळे गोल पाठीवरचे खोगीर अधिक उंच आणि अधिक अस्थिर होते. रुंद खोगिराच्या एखाद्या कोपऱ्यातील पोकळी भरून काढण्यासाठी पातळ पाचर वापरणे ही वेगळी गोष्ट आहे, पण ती प्रशिक्षित नजरेखाली आणि तात्पुरती असावी.

देशी पोनीची पाठ वर्षभर सारखी राहत नाही, ही बाब या सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. उन्हाळ्यात मिळेल तेवढे खाऊन चरबी साठवायची आणि हिवाळ्यात ती खर्चायची, हा त्यांच्या शरीराचा जुना क्रम आहे. सुपीक कुरणे आणि पोषक खुराक मिळू लागल्यावर साठवण चालू राहिली आणि खर्च थांबला. त्यामुळे मानेच्या वरच्या कडेला चरबीचा कठीण वळ येणे, चयापचयाचे विकार आणि खुराच्या आतील संवेदनशील थरांना सूज आणणारा लॅमिनायटिस हा वेदनादायी रोग, यांचा धोका या जातींत विशेष आढळतो. एप्रिलमध्ये मापलेले खोगीर जुलैमध्ये घट्ट होते आणि डिसेंबरात डुगडुगते. एक्समूरसारख्या पोनीचा हिवाळी कोट दाट, दुहेरी केसांचा असल्यामुळे वजन उतरल्याचे डोळ्यांना कळत नाही आणि बरगड्या बोटांनी चाचपून पाहाव्या लागतात. अमेरिकेतील हेन्नेके यांनी 1983 मध्ये मांडलेली 1 ते 9 गुणांची शरीरस्थिती-मापनाची पद्धत यासाठी उपयोगी आहे, कारण ती मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे बूड यांना स्वतंत्रपणे चाचपायला शिकवते. अतिलठ्ठ पोनीसाठी महागडे, मापाचे खोगीर करून घेण्यापूर्वी त्याचे वजन पशुवैद्याच्या सल्ल्याने ताळ्यावर आणणे हा खोगीरशोधाचाच पहिला टप्पा आहे, ही भूमिका या पुस्तकात ठामपणे घेतली आहे.

यानंतर मोजमाप करायचे असते. सपाट जमिनीवर, चारही पाय सारखे ठेवून पोनीला उभे करतात. मान फार वर किंवा खाली असेल तर पाठीचा आकार बदलतो, म्हणून ती नैसर्गिक ठेवतात. वाकवल्यावर तसाच राहणारा मऊ धातूचा किंवा प्लास्टिकचा मोजपट्ट घेऊन पहिला आकार खांद्याच्या पात्यामागे दोन-तीन बोटांवर, जेथे सांगाड्याची टोके येणार तेथे, दुसरा खोगिराच्या मध्याशी आणि तिसरा शेवटच्या बरगडीजवळ घेतात. चौथा आकार विदर्सपासून मागे कण्याच्या लांबीवरून घेतला जातो, ज्यावरून पाठ सपाट आहे की मध्ये खोल आहे ते कळते. पट्ट अलगद उचलून कागदावर ठेवायचा, आतल्या कडेने पेन्सिल फिरवायची, डावी-उजवी बाजू आणि तारीख लिहायची, आणि असे कागद वर्षभर जपून ठेवायचे. दोन-तीन ऋतूंचे आकार एकमेकांवर ठेवून पाहिले की पोनी किती बदलतो, दोन खांदे सारखे आहेत की एक जड आहे, हे दिसते. खांद्यांत थोडा फरक पुष्कळ घोड्यांत असतो, आणि तो गाद्यांच्या भरणात सांभाळावा लागतो.

कागदावर जुळलेले खोगीर पाठीवर तपासले पाहिजे आणि पाठीवर जुळलेले चालीत तपासले पाहिजे. तंग न बांधता, खाली काही न घालता खोगीर ठेवून पुढून मागे गादीखाली सपाट हात सरकवल्यास दाब सर्वत्र सारखा लागला पाहिजे; मध्ये हात मोकळा आणि दोन टोकांना अडकत असेल तर खोगीर पुलासारखे दोन बाजूंनी टेकले आहे, आणि मध्ये घट्ट व टोकांना मोकळा असेल तर ते पाळण्यासारखे डुलणार आहे. त्यानंतर स्वार बसवून कदम, दुडकी आणि वेगाची चाल, दोन्ही दिशांची वळणे आणि शक्य असल्यास चढउतार पाहावेत. घामाचे ठसे, केस उलटे फिरलेल्या जागा आणि जुन्या दाबाच्या खुणा सांगणारे पांढरे केस हे पुरावे जपून वाचायचे असतात, कारण कोरडी राहिलेली जागा अति दाबाची असू शकते किंवा अजिबात न टेकलेलीही असू शकते. खोगीर सतत एकाच बाजूला सरकत असेल तर दोष खोगिरातच आहे असे धरून चालता येत नाही. ब्रिटनमध्ये लीन ग्रेव्ह आणि सू डायसन यांनी केलेल्या संशोधनात अशा घसरणीचा संबंध मागच्या पायातील लंगडेपणाशी असल्याचे दाखवून दिले. भूल देऊन ती वेदना थांबवल्यावर बहुतेक घोड्यांत खोगीरही सरकेनासे झाले. म्हणूनच पशुवैद्य, नालबंद, स्वाराचा शिक्षक आणि खोगीर बसवणारा यांनी परस्परांशी बोलून निर्णय घ्यावा, हा आग्रह येथे धरला आहे.

बाजारात आज पर्याय पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचे गुण व मर्यादा पुस्तकात सविस्तर आल्या आहेत. कमान बदलता येणारी खोगिरे ऋतुमानाप्रमाणे रुंदी सांभाळतात, पण त्यांचा मूळ आकार गोल पाठीला साजेसा नसेल तर ती रुंदी उपयोगाची नाही. सांगाडा नसलेली खोगिरे रुंद पोनीला लगेच ‘बसतात’, मात्र वजन पसरवण्याचे काम सांगाडाच करत असल्याने रिकिबींच्या जागी दाब एकवटण्याचा धोका राहतो आणि सपाट पाठीवर ती फिरण्याची शक्यताही अधिक असते. लोकरीचे भरण कारागिराला हवे तसे घडवता येते, पण नवे भरण वापरात बसते, म्हणून पहिल्या काही महिन्यांतच फेरतपासणी आवश्यक असते. जुने पण योग्य आकाराचे खोगीर नव्या चुकीच्या खोगिरापेक्षा केव्हाही बरे, मात्र त्याचा सांगाडा मोडलेला किंवा पिळलेला नाही याची खात्री आधी जाणकाराकडून करून घ्यावी. ब्रिटनमध्ये 1966 मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स ही संस्था खोगीर बसवणाऱ्यांना प्रशिक्षण व पात्रता देते, आणि मालकाने अशा पात्र व्यक्तीला वर्षातून निदान दोनदा बोलवावे, ही अपेक्षा रास्त आहे.

हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टूने मराठ्यांच्या चपळ घोडदळाला साथ दिली आणि आजही तो धनगरांच्या वाटचालीत संसार पाठीवर वाहतो. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. खोगिरे घडवणे हा जीनगरांचा परंपरागत व्यवसाय होता, आणि कानपुरात तयार होणारी खोगिरे आज युरोपच्या बाजारात जातात. माथेरानसारख्या ठिकाणी घोड्यांच्या पाठीवर रोज माणसे बसतात. या सर्वांना ब्रिटिश पोनीची मापे लागू पडणार नाहीत, आणि ती तशी उचलू नयेत हेच या पुस्तकाचे सांगणे आहे. लागू पडते ती पद्धत: आधी पाठ समजून घ्यायची, तिचा आकार कागदावर उतरवायचा, मग खोगीर पाहायचे आणि बसवलेले खोगीर पुन्हा पुन्हा तपासायचे.

पुस्तकाचे पहिले प्रकरण पाठीची शरीररचना, दुसरे खोगिराची घडण, तिसरे निरनिराळ्या देशी जातींची अंगलट, चौथे मोजमाप आणि शेवटचे दोन तंग, गाद्या व वर्षभराची देखभाल यांविषयी आहेत. ज्यांना तातडीची अडचण आहे त्यांनी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करण्यास हरकत नाही, पण खरेदीचा निर्णय पहिली तीन वाचल्याशिवाय घेऊ नये. ज्या पोनीला कोणतेच खोगीर बसत नाही असे सांगितले गेले असेल, त्याच्या मालकाने त्या निष्कर्षावर लगेच विश्वास ठेवू नये. त्याने आपल्या पोनीच्या पाठीचे आकार घ्यावेत, ते जाणकाराला दाखवावेत, आणि योग्य खोगीर मिळेपर्यंत पोनीवर बसण्याऐवजी त्याला हाताशी धरून चालवावे. शोधात जाणाऱ्या काही महिन्यांनी पोनीचे काहीही नुकसान होत नाही. चुकीच्या खोगिराखाली गेलेले तेवढेच महिने त्याची पाठ कायमची बिघडवू शकतात.